छोटी गाडी, मागे ट्रेलर: ओढता येईल, पण थांबवता येईल का?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

मी मूळचा अमळनेरचा, शिक्षणानं बीटेक, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनीअर. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा साधारण एकच प्रश्न आला. "भाऊ, आपल्याकडे चार मीटरच्या आतली छोटी गाडी आहे. तिच्यामागे फॅमिलीसाठी कॅम्पिंगचा ट्रेलर लावता येईल का? आणि कोणता घ्यावा?" आमच्या घरातही सध्या हाच विषय चालू आहे, म्हणून आजचा भाग त्यावरच.

आमची गरज आधी सांगतो, कारण ट्रेलर गरजेवरून निवडायचा असतो, फोटोवरून नाही. घरात आम्ही पाच जण. आई, बाबा, मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिला खाली बसता येत नाही, जमिनीवर झोपून उठता येत नाही, रात्री दोनदा उठावं लागतं आणि कमोड नसेल तिथे ती जातच नाही. गेली तीन वर्षं ती लग्नालासुद्धा मुक्कामी गेलेली नाही. ती नाही म्हणून बाबा नाहीत. म्हणजे आमच्यासाठी ट्रेलर ही इन्स्टाग्रामची हौस नाही, पाचही जण एकत्र बाहेर पडू शकतो की नाही, असा प्रश्न आहे.

काही जण म्हणतील, गाडीच्या छतावर उघडणारा तंबू घे, स्वस्तात काम होईल. पण त्याला शिडी चढावी लागते. गुडघे बदललेल्या बाईला रात्री दोन वाजता शिडीवरून उतरवणार का? शिवाय छोट्या गाड्यांच्या छतावर चालत्या गाडीत साधारण पन्नास-पंच्याहत्तर किलोच भार चालतो. तो पर्याय आमच्यासाठी तिथेच संपला.

आता मूळ मुद्दा. लोक पहिला प्रश्न विचारतात, "आपली गाडी किती ओढेल?" एका वर्कशॉपवाल्याने मला नऊशे किलोचा, चार जण आत झोपतील असा पत्र्याचा ट्रेलर दाखवला आणि म्हणाला, "कुठलीही गाडी ओढेल साहेब, टेन्शन घेऊ नका." सपाट रस्त्यावर ओढेलही. बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "ओढेल हो, थांबेल का?" आजच्या सगळ्या भागाचं सार एवढंच आहे. बाकी मी फक्त आकडे सांगतो.

आकडे आमच्या गाडीचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण पद्धत हीच. गाडीचं रिकामं वजन १,०५० किलो. कंपनीने ठरवलेलं कमाल एकूण वजन, म्हणजे माणसं-सामान धरून, १,४७० किलो. म्हणजे गाडीत आपण ४२० किलो टाकू शकतो. आम्ही पाच जण मिळून २७५ किलो. डिकीतलं सामान ४० किलो. ट्रेलर जोडायचा हूक आणि त्याची चौकट २० किलो. झाले ३३५. राहिले ८५.

आणि इथे बरेच जण फसतात. ट्रेलरचं सगळं वजन काही त्याच्या चाकांवर नसतं. त्याचा थोडा भार पुढे, हुकाच्या गोळ्यावर येतो आणि तो गाडीच्या वजनात मोजायचा असतो. आमच्या हिशोबात तो साधारण ५० किलो. म्हणजे ८५ मधून राहिले ३५. भरल्या गाडीत "अजून एक टरबूज घे" म्हणायला एवढीच जागा उरते.

आता थांबण्याचा हिशोब. समजा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. कोरडा डांबरी रस्ता, ताशी ६० किलोमीटर वेग. नुसती भरलेली गाडी जोरात ब्रेक दाबल्यावर साधारण २० मीटरमध्ये थांबते असं धरू. मागे ४८० किलोचा ट्रेलर असेल तर तेच अंतर साधारण २६ मीटर होतं. नऊशे किलोचा असेल तर ३१ मीटर. हा कागदावरचा हिशोब आहे आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ यात धरलेलाच नाही. ६० च्या वेगात एका सेकंदाला गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे समोर बैलगाडी आडवी आली, तर छोट्या ट्रेलरसकट ४३ मीटर लागतात आणि मोठ्यासकट ४८. एका मोटरसायकलची लांबी दोन मीटर असते. बाकी तुम्हीच समजा.

घाटात गोष्ट आणखी बदलते. आपल्याकडून संभाजीनगरकडे जायचं तर चाळीसगाव सोडल्यावर कन्नडचा घाट लागतो. तोरणमाळला जायचं तर सातपुड्याची वळणं. उतारावर गाडीचं वजन आपल्याला खाली ढकलत असतं आणि ती सगळी ऊर्जा शेवटी ब्रेक तापवण्यात जाते. किती? फक्त १०० मीटर उंची उतरताना, इंजिनाची मदत घेतली नाही तर, आमच्या भरल्या गाडीच्या ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होईल तिच्यात साधारण साडेचार लिटर पाण्याला उकळी फुटेल. ४८० किलोच्या ट्रेलरसकट सव्वासहा लिटर. नऊशेच्या ट्रेलरसकट साडेसात लिटर. आणि हे सगळं त्याच चार चाकांच्या, छोट्या गाडीसाठी बनवलेल्या ब्रेकवर. म्हणून बाबांचा जुना नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक दमलेले असतात.

इथे गावाकडचा माणूस हमखास विचारतो, "मग ट्रॅक्टर एवढी भरलेली ट्रॉली ओढतो ते कसं?" बरोबर प्रश्न आहे. ट्रॅक्टर स्वतः जड असतो, त्याचे गिअर ओढण्यासाठीच बनवलेले असतात आणि मुख्य म्हणजे तो हळू चालतो. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी २० च्या वेगात जेवढी ऊर्जा असते तिच्या नऊपट ६० च्या वेगात असते. ट्रॅक्टरचा अनुभव हायवेवरच्या कारला लावायचा नाही.

मग छोट्या गाडीला किती किलोचा ट्रेलर? पहिला आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये तसंच पडलेलं असतं, ते काढा. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही. माझ्या एका मित्राच्या गाडीचं तसंच निघालं. तसं असेल तर विषय संपला, मित्रांनो. जुगाड करू नका. बंपरमध्ये जो हूक बसवता येतो, तो बंद पडलेली गाडी खेचून नेण्यासाठी असतो, ट्रेलरसाठी नाही.

आमच्या मॅन्युअलमध्ये आकडा आहे: ब्रेक नसलेला ट्रेलर ५०० किलोपर्यंत, हुकावरचा भार ५० किलोपर्यंत. तो ताडून बघायला बाहेरचे नियमही उपयोगी पडतात, कारण युरोपात छोट्या गाडीमागे कॅरॅव्हॅन लावणं ही घराघरातली गोष्ट आहे. जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स नावाच्या कारखानदाराने १९३१ मध्ये कुटुंबाला सोबत फिरता यावं म्हणून गाडीमागे ओढायची खोली बनवली होती. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त चालत नाही आणि कुठल्याही परिस्थितीत ७५० किलोच्या वर चालत नाही. त्याहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ब्रेक असले तरी नवख्या माणसाने गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत राहावं, असा तिथल्या अनुभवी लोकांचा सल्ला असतो. आमच्या गाडीचं निम्मं म्हणजे ५२५. मॅन्युअल म्हणतं ५००. दोन आकड्यांतला लहान तो आपला.

आता ५०० किलोत काय बसतं? आम्ही तीन प्रकार बघितले. पहिला, पूर्ण उंचीची पत्र्याची किंवा फायबरची खोली. आत उभं राहता येतं, पण वजन सहज पाचशेच्या पुढे जातं आणि एवढी उंच भिंत ओढताना वारा अडतो, इंजिनचा दम निघतो. शेजारून ट्रक गेला की झोका बसतो. दुसरा, उघडून तंबू होणारा ट्रेलर. हलका असतो, चार-पाच जण झोपतात, पण कापडाचा. तो उभारायला वेळ लागतो आणि आत पायरी चढून जावं लागतं. तिसरा, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, ज्याला टिअरड्रॉप म्हणतात. बुटका, आत दोघांपुरती गादी, मागे झाकण उघडलं की छोटं स्वयंपाकघर.

पाच जणांच्या घराने दोघांचा ट्रेलर का घ्यायचा? कारण आमच्या घरात पक्क्या गादीची गरज दोघांनाच आहे. टिअरड्रॉपचा दरवाजा बाजूला असतो आणि गादी साधारण खाटेच्या उंचीवर. आई बाहेर उभी राहून काठावर बसेल, पाय आत घेईल, झालं. पायरी नाही, वाकणं नाही. आम्ही तिघं शेजारी लावलेल्या तंबूत झोपू. मुलीला तर तंबूच हवा आहे. घडीची कमोडची खुर्ची आणि तिच्यासाठी एक अरुंद, उंच तंबू वेगळा. "फॅमिली ट्रेलर" म्हणजे सगळी फॅमिली आत कोंबायचा ट्रेलर, ही समजूत सोडली की छोट्या गाडीचा प्रश्न निम्मा सुटतो.

वजनाची यादी वाचून दाखवतो. रिकामा ट्रेलर ३२० किलो. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. अंथरूण-पांघरूण ३०. छोटा गॅस आणि शेगडी १२. भांडी आणि शिधा २५. तंबू २०. खुर्च्या आणि टेबल १५. बॅटरी १२. कमोडची खुर्ची ८. बेरीज ४८२. पाचशेला १८ किलो कमी. आता तुम्ही खान्देशी असाल तर विचाराल, भरिताचं काय? हिवाळ्यात शेतात मुक्काम आणि भरीत नाही, असं होईल का? पण वांगी, कळण्याचं पीठ आणि काड्या-कुड्या जिथे जाऊ तिथे मिळतात. बडगी, मुसळ आणि मोठं पातेलं घरून न्यायचा आईचा आग्रह मात्र अजून चर्चेत आहे.

हे वजन अंदाजाने ठेवायचं नाही. आपल्याकडे कापसाच्या जिनिंगजवळ भुईकाटा असतोच. सगळं भरून, माणसं बसवून गाडी-ट्रेलर दोन्ही त्यावर न्या. आधी एकत्र, मग ट्रेलर सोडवून एकटा. चिठ्ठी घ्या, गाडीत ठेवा. विकणाऱ्याने सांगितलेलं रिकामं वजन आणि काट्यावरचं वजन वेगळं निघालं तर खरा आकडा काट्याचा.

पुढचा मुद्दा समजायला इंग्रजी पुस्तकं लागत नाहीत, आजोबांना विचारा. पूर्वी लोक दमणी जुंपून, शिधा-अंथरूण घेऊन वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला अमळनेरला यायचे. बोरीच्या पात्रात गाड्या सोडायच्या, तिथेच चूल. तो कॅम्पिंग ट्रेलरच होता, फक्त पुढे बैल होते. आणि गाडी भरताना म्हातारी माणसं ओरडायची, "गाडी उलार होऊ देऊ नका!" भार मागे गेला की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला फास बसतो. भार फार पुढे आला की बैलांच्या मानेवर ओझं. ट्रेलरचं शास्त्र अगदी हेच आहे.

ट्रेलर उलार झाला की तो हायवेवर शेपटी हलवायला लागतो. आधी थोडा, मग प्रत्येक झोक्याला जास्त, आणि शेवटी पुढच्या गाडीलाच फिरवतो. म्हणून जड सामान ॲक्सलच्या वर आणि किंचित पुढे. पाण्याची टाकी, बॅटरी आणि गॅस मागच्या टोकाला नको. एकूण वजनाचा किती भाग हुकावर हवा? युरोपात साधारण ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५. आमचा हुकावरचा भार ४८ किलो, म्हणजे दहा टक्के, आणि मॅन्युअलच्या ५० च्या आत. मोजायला घरातला वजनाचा काटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, त्याचं तोंड हुकाच्या उंचीवर येईल असा लाकडाचा ठोकळा काट्यावर ठेवा आणि आकडा वाचा. आणि चालवताना ट्रेलर झुलायला लागलाच, तर जोरात ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. ॲक्सलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

ब्रेकबद्दल आमचा निर्णय सांगतो. पाचशेच्या आतल्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, पण आम्ही ब्रेकवालाच निवडला. यात वायरिंग लागत नाही. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्या ढकलण्याने दांडा आत दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. मग ब्रेक आहेत म्हणून वजन वाढवलं का? नाही. वजन बिनब्रेकच्या मर्यादेतच ठेवलं. सॉफ्टवेअरमध्ये आपण काय करतो? एक सर्व्हर पडला तरी दुसऱ्यावर काम चालेल असं बघतो. इथे ट्रेलरचे ब्रेक घाटात निकामी झाले तरी गाडीच्या ब्रेकने सगळं थांबलं पाहिजे. गाडीत पाच जण आहेत, आणि आपल्यापुढे दुसऱ्या कुणाचे तरी पाच जण चाललेले असतात. शिवाय हूक सुटलाच तर ट्रेलर रस्त्यावर मोकळा सुटू नये म्हणून साखळी हवीच.

कागदपत्रं. आपल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरचीसुद्धा इतर वाहनांसारखी नोंदणी करावी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे लावावा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एकच प्रश्न: "याची आरटीओत नोंदणी होईल का, आणि त्यासाठीची मंजुरीची कागदपत्रं तुमच्याकडे आहेत का?" उत्तर गोलगोल आलं तर उठून या. नऊशे किलोवाल्याने या प्रश्नावर चहा मागवला होता. चहा पिऊन आम्ही उठलो. गाडीच्या विमा कंपनीलाही ट्रेलर जोडणार असल्याचं लेखी कळवा आणि उत्तर लेखी घ्या. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. "मुलं मागे झोपू देत" हा विचार मनातही आणू नका.

जायचं कुठे? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपल्या भागात ट्रेलर घेऊन गेलं आणि लावला, असं अजून नाही. पाटणादेवी सुंदर आहे, पण ती गौताळा अभयारण्यात येते, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. म्हणून पहिले दोन-तीन मुक्काम ओळखीच्या शेतात करा. घाट नको, लांबचा रस्ता नको. पाऊस झाल्यावर काळ्या मातीत ट्रेलर उतरवू नका, चाक रुतलं की छोटी गाडी ते काढू शकत नाही. एप्रिल-मे तर विसराच. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला की पत्र्याच्या डब्यात भाजून निघाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. आणि निघण्याआधी मोकळ्या मैदानात रिव्हर्स शिका. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन दुमडतो. तुमच्या गल्लीत ट्रॉली रिव्हर्स घेणारा कुणी ट्रॅक्टरवाला असेल तर त्याला गुरू करा. मला बाबा शिकवत आहेत, आणि एसटीतले सगळे शब्द वापरून शिकवत आहेत.

आमचा ट्रेलर सांगून ठेवला आहे, नोंदणीचे कागद हातात आले की उरलेले पैसे देणार. पहिला मुक्काम मामाच्या शेतात, चोपडा रस्त्याला, तापीच्या अलीकडे. आईने होकार देताना एकच अट घातली. आधी दारात उभा करून एक रात्र त्यात झोपून बघणार, मगच गावाबाहेर. माझ्या सगळ्या एक्सेल शीटपेक्षा ही चाचणी चांगली आहे. तुम्हीही ज्या माणसासाठी ट्रेलर घेताय त्याला आधी त्यात झोपवून, रात्रीचं उठवून बघा.

थोडक्यात सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. मॅन्युअलमध्ये ओढण्याचा आकडा आहे का? भरलेलं वजन त्या आकड्याच्या आणि गाडीच्या निम्म्या वजनाच्या आत आहे का? हुकावरचा भार धरून गाडी स्वतःच्या मर्यादेत राहते का? नोंदणी होते का? चारही उत्तरं "हो" असतील तरच रंग कोणता ते ठरवा.

तुमच्या गाडीचं रिकामं वजन, कमाल वजन आणि घरात किती माणसं, एवढं मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन हिशोब आपण मिळून सोडवू. तोपर्यंत हळू चालवा, उलार होऊ देऊ नका. भेटूच!